‘सवाई’त काम करताना गाणं ऐकायला मिळतं का?

प्रश्न : ताई, मी सोलापुरात बी.कॉम. करते, गाणंही शिकते. डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात स्वयंसेवक म्हणून जावंसं वाटतंय. पण काम करताना गाणं ऐकायला मिळतं का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मिळतं, पण तुटक. मी भारतीय बैठकीच्या वाटेवर उभी असायचे. ख्याल रंगात आलेला असताना उशिरा आलेल्यांना थोपवायचं, राग संपला की आत सोडायचं. विलंबित, म्हणजे ख्यालाचा सुरुवातीचा संथ भाग, निम्मं हुकायचं. तरी तानपुरे जुळू लागले की थकवा कुठल्या कुठे जायचा! भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या उत्सवात आपलेही हात लागताहेत, हे मला आजही फार मोलाचं वाटतं.

दिवाळीआधीच आयोजकांकडे, म्हणजे आर्य संगीत प्रसारक मंडळाकडे, चौकशी कर. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाशील. पण मैफल रात्री संपते, तेव्हा मुक्कामाचं आधी ठरव. आपल्या उन्हात वाढलेल्यांना तिथली थंडी झोंबते, चादर ने. कडक भाकरी, शेंगाचटणीही असू दे, जेवणाची वेळ हमखास टळते.

आणि एक दिवस मोकळा मागून घे. तुझ्या आवडत्या गायकाचा. त्या दिवशी तिकीट काढून श्रोत्यांत बस.