सुनावणीच्या नस्तीत जाणारे खासगी कागद : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

तहसील, जिल्हा परिषद किंवा कार्यालयीन समितीपुढे दाखल केलेला कागद निकालानंतरही नस्तीत, म्हणजे प्रकरणाच्या फाईलमध्ये, राहतो, आणि त्याची नक्कल पुढे कोणाकडे जाईल हे दाखल करणाऱ्याच्या हाती राहत नाही. या विषयावर आलेले पाच प्रश्न येथे घेतले आहेत. प्रश्नकर्त्यांची नावे व गावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात वारसनोंदीच्या फेरफारावर चुलत भावाने हरकत घेतली आहे. सुनावणीत सर्व भावंडांची आधार कार्डे, पासबुके आणि वडिलांच्या दवाखान्याचे कागद जोडावेत काय?

उत्तर : प्रत्येक कागद नेमके काय शाबीत करण्यासाठी जोडत आहोत, हे आधी ठरवावे. आपल्या प्रकरणात मुख्यतः मृत्यू आणि नाते शाबीत करायचे आहे. मृत्यूसाठी मृत्यू प्रमाणपत्र पुरेसे असते, आणि १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ नुसार त्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. कायद्याने जे मुद्दाम वगळले, ते आपणच डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडून हरकतदाराच्या हाती देऊ नये. ओळखीसाठी पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार द्यावे आणि कार्यालयाने मागितल्यास मूळ कार्ड दाखवून परत घ्यावे. पासबुकाचा तर नात्याशी काहीच संबंध नाही. एका वारस प्रकरणात विधवा सुनेने पत्त्याच्या पुराव्यासाठी पासबुकाची सहा पाने जोडली होती. पत्ता पहिल्याच पानावर होता. उरलेल्या पाच पानांवरची शिल्लक महिनाभरात साऱ्या भावकीला तोंडपाठ झाली.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेची शिक्षिका असून गंभीर आजारामुळे बदलीसाठी विशेष संवर्ग भाग १ मध्ये (बदलीत प्राधान्य मिळणाऱ्या गटात) अर्ज केला. एका सहकाऱ्याने हरकत घेतली आहे आणि माहिती अधिकारात माझे वैद्यकीय कागदही मागितले आहेत. ते त्यांना मिळतील काय?

उत्तर : येथे दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

पहिली वाट माहिती अधिकाराची. २००५ च्या अधिनियमातील कलम ८(१)(ञ) वैयक्तिक माहितीला संरक्षण देते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने त्यात केलेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून हे संरक्षण पूर्वीपेक्षा रुंद झाले आहे, मात्र व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची कलम ८(२) मधील तरतूद कायम आहे. आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे ते कलम ११. त्रयस्थ व्यक्तीची (येथे आपली) माहिती देण्याचा विचार असल्यास जन माहिती अधिकाऱ्याने पाच दिवसांत तिला नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांत तिला म्हणणे मांडता येते. परंतु हे कलम त्रयस्थ व्यक्तीने गोपनीय मानलेल्या माहितीपुरतेच बोलते. म्हणून वैद्यकीय कागद देतानाच तो स्वतंत्र बंद पाकिटात द्यावा, पाकिटावर आणि सोबतच्या पत्रात ‘गोपनीय’ असे स्पष्ट लिहावे आणि त्या पत्रावर आवक क्रमांक घ्यावा. हा आवक क्रमांक पुढे आपला पुरावा ठरतो. माहिती देण्याचा निर्णय झालाच, तर आदेशापासून तीस दिवसांत आपल्याला पहिले अपील करता येते.

दुसरी वाट हरकतीच्या सुनावणीची, आणि तेथे सरसकट नकार टिकत नाही. आपल्या संवर्गामुळे ज्याची जागा जाते, त्याला निर्णय कशाच्या आधारावर झाला हे कळण्याचा नैसर्गिक न्यायाने हक्क आहे. मात्र आधार कळणे म्हणजे निदानाचे प्रत्येक पान वाचायला मिळणे नव्हे. आजार शासन निर्णयातील यादीत बसतो किंवा नाही, याची पडताळणी जिल्हा शल्यचिकित्सकांकडून करून घ्यावी आणि हरकतदाराला केवळ त्यांचा निष्कर्ष द्यावा, असा लेखी विनंती अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा. त्याची नोंद रोजनाम्यात (सुनावणीच्या तारीखवार नोंदीत) झाली आहे ना, हे स्वतः वाचून मगच सही करावी.

प्रश्न : कार्यालयातील लैंगिक छळाची तक्रार मी अंतर्गत समितीकडे केली. आता आस्थापना शाखेच्या टिप्पणीत विषयाच्या ओळीतच माझे नाव आले आहे.

उत्तर : हे गंभीर आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमाच्या कलम १६ नुसार तक्रारदार, जाब देणारा (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) आणि साक्षीदार यांची ओळख, तक्रारीतील मजकूर व चौकशीचे कामकाज प्रसिद्ध करता येत नाही आणि ते माहिती अधिकारातही देता येत नाही. चौकशीचे काम सोपवलेल्या व्यक्तीने हा नियम मोडल्यास नियमांत पाच हजार रुपये दंड आहे. समितीच्या अध्यक्षांना आणि कार्यालयप्रमुखांना आजच लेखी कळवून विषयाच्या ओळीत केवळ प्रकरण क्रमांक ठेवण्याची आणि ती नस्ती बंद पाकिटातूनच फिरवण्याची मागणी करावी. नियमानुसार तक्रारीच्या सहा प्रती द्याव्या लागतात. प्रत्येक प्रतीवर क्रमांक टाकून ती कोणाकडे गेली हे लिहून ठेवल्यास, गळती झाली तर शोध सोपा होतो. जाब देणाऱ्याला मात्र तक्रारीची प्रत मिळणारच. त्याच्यापासून नाव झाकता येत नाही.

प्रश्न : पीडीएफमध्ये खाते क्रमांकावर काळी पट्टी ओढली, एवढे पुरे आहे काय?

उत्तर : नाही. बहुतेक वेळा ती पट्टी अक्षरांवर नुसती ठेवलेली असते. खालचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की अंक जसेच्या तसे उमटतात. छापील प्रतीवर जाड मार्करने झाकून तिची पुन्हा झेरॉक्स काढावी आणि त्या झेरॉक्सचे स्कॅन दाखल करावे. मार्कर ओढलेली मूळ प्रत कधीही देऊ नये, कारण उजेडासमोर धरली की अंक दिसतात.

प्रश्न : सर्व कागद न झाकताच दाखल करून बसलो आहे. आता काय करावे?

उत्तर : नस्तीतून पान काढून घेण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, तो अभिलेखाशी छेडछाड ठरेल. ज्या अधिकाऱ्यांपुढे प्रकरण आहे त्यांनाच अर्ज करावा. अर्जात पान क्रमांक आणि झाकावयाचा तपशील नेमका लिहावा, झाकलेली प्रत सोबत जोडावी, मूळ पान बंद पाकिटात ठेवण्याची आणि नक्कल देताना झाकलेलीच प्रत देण्याची विनंती करावी. सामनेवाल्याला या अर्जाची प्रत द्यावी, म्हणजे त्याची हरकत त्याच तारखेला ऐकली जाईल. आधार क्रमांकासाठी २०१६ च्या आधार अधिनियमातील कलम २९(४) चा आधार घ्यावा. तो क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध किंवा प्रदर्शित करण्यास त्यात मनाई आहे. आदेश झाल्यावर त्याची एक प्रत नक्कल शाखेत स्वतः नेऊन द्यावी, कारण नक्कल देणाऱ्या लिपिकापर्यंत आदेश पोहोचला नसेल, तर तो जुनेच पान देईल.