‘यूएनसी’ म्हणून विकलेला रुपया ‘घासलेला’ निघाला

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांच्या पेटीतला १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया मी एका संग्राहकाला विकला. व्हॉट्सअ‍ॅपवर मी लिहिलं होतं, ‘यूएनसी कंडिशन, टाकसाळीतून आला तसाच आहे.’ (यूएनसी म्हणजे अनसर्क्युलेटेड, चलनात न झिजलेलं.) ते घरी आले, भिंगातून वीसेक मिनिटं नाणं न्याहाळलं आणि पैसे देऊन घेऊन गेले. पाच महिन्यांनी वकिलाची नोटीस आली आहे. त्यांनी नाणं एका परदेशी कंपनीकडून ग्रेड करून, म्हणजे त्याचा दर्जा ठरवून घेतलं आणि ‘यूएनसी डिटेल्स – क्लीन्ड’ असा निकाल आला. म्हणून पूर्ण किंमत, ग्रेडिंगचा खर्च आणि नुकसानभरपाई १५ दिवसांत द्या, नाहीतर फसवणुकीचा गुन्हा आणि ग्राहक आयोगात तक्रार, असं म्हटलंय. नोटीस वाचून आई म्हणाली, ‘लक्ष्मीपूजनाला ते रुपये मीच पावडर लावून घासायचे.’ मला हे खरंच ठाऊक नव्हतं. काय करू?

उत्तर : आधी तो निकाल नीट वाचा. तुमच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा समोरच्यानेच नोटिशीला जोडून पाठवला आहे.

ग्रेडिंगवाले १ ते ७० अशी मोजपट्टी वापरतात. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंटच्या नाण्यांसाठी मांडली. पुढे १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या सुरू झाल्या आणि तीच पट्टी बाजारभर रूढ झाली. ६० पासून वरचं नाणं म्हणजे चलनात न झिजलेलं, ज्याला आपण यूएनसी म्हणतो. नाणं घासलेलं, भोक पाडलेलं किंवा दागिन्यातून काढलेलं असेल तर आकडा देत नाहीत, फक्त ‘डिटेल्स’ लिहून दोष नोंदवतात. म्हणजे ‘यूएनसी डिटेल्स’चा अर्थ असा की नाणं झिजलेलं नाही, पण त्याला कुणाचा तरी हात लागलेला आहे. तुमच्या निरोपातला ‘यूएनसी’ हा शब्द त्या कंपनीनेच खरा ठरवलाय.

अडचण आहे ती पुढच्या चार शब्दांत. ‘टाकसाळीतून आला तसाच आहे.’ हे विधान चुकीचं निघालं आणि ते तुम्ही स्वतःहून, कुणी न विचारता केलंत. वस्तुविक्री अधिनियम १९३० च्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. तुम्हाला माहीत नव्हतं, हा त्यावर बचाव नाही. करार कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, पुरेशी माहिती हाताशी नसताना ठामपणे केलेलं चुकीचं विधान प्रामाणिकपणे केलेलं असलं तरी ते मिथ्याकथनच ठरतं. तेव्हा आपला काहीच संबंध नाही, असा पवित्रा घेऊ नका.

फौजदारी धमकीची मात्र धास्ती नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायला व्यवहाराच्या वेळीच मनात बेइमानी असावी लागते. आईने घासलं हे तुम्हाला नोटीस आल्यावर कळलं. मग आधीपासूनचा कट आणणार कुठून? दिवाणी पैशासाठी पोलिसांची भीती घालणं हा नोटिशींमधला नेहमीचा मसाला आहे. ग्राहक आयोगाचंही तसंच. तो कायदा धंदा म्हणून विकणाऱ्यांसाठी आहे. वडिलांचं एक नाणं विकणारा मुलगा त्यात सहजासहजी बसत नाही.

आता त्या वीस मिनिटांकडे वळू, कारण प्रकरणाचा जीव तिथे आहे. एका दाव्यात मी असे दोन रुपये शेजारी-शेजारी ठेवून पाहिले होते. १९११ च्या या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका बुटका उमटला होता की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली आणि १९१२ मध्ये छाप बदलावा लागला. म्हणूनच हे नाणं संग्राहकांना हवंहवंसं. दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवलं की न घासलेल्या रुपयावरची झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी गरगर फिरते. घासलेल्यावर ती जागची हलत नाही. नुसती सपाट चकाकी दिसते आणि हत्तीच्या आसपासच्या मोकळ्या जागेत केसासारख्या बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने. सरावलेल्या डोळ्याला हे भिंगातून दिसतं. करार कायद्याच्या कलम १९ चा अपवाद इथे तुमच्या कामाचा आहे. साधारण काळजी घेऊन खरं शोधता आलं असतं, तर मिथ्याकथनाच्या नावाखाली करार मोडता येत नाही. शिवाय वस्तुविक्री कायद्याचं कलम ४२ आहे. वाजवी मुदतीत ‘नको’ कळवलं नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. पाच महिने वाजवी की नाही यावर वाद होईल, पण तो तुम्ही जरूर घाला. तो तुमच्या बाजूने लागला तर त्यांच्याकडे उरतो फक्त किमतीतल्या फरकाचा दावा, पूर्ण परताव्याचा नव्हे.

ग्रेडिंग हे शेवटी मत आहे, तराजूतलं वजन नव्हे. ग्रेडिंग कंपनी नाणं ज्या सीलबंद डबीत घालून देते ती डबी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवून वरचा आकडा मिळवणारे संग्राहक आहेत, यातच सगळं आलं. कोर्टातही ते तज्ज्ञाचं मत म्हणूनच वाचलं जाईल आणि त्याची उलटतपासणी होऊ शकते. पण तुमच्या बाबतीत निकाल बरोबर आहे हे तुमच्या आईनेच सांगितलंय, त्यामुळे त्यावर हल्ला करण्यात शक्ती घालवू नका. आणि उत्तरात ‘नाणं कधीच घासलं गेलेलं नाही’ असं चुकूनही लिहू नका. आज प्रामाणिक असलेली चूक त्या एका वाक्याने खोटेपणात बदलेल.

एक प्रश्न मात्र विचाराच. नाणं परदेशी कंपनीकडे गेलं कसं? १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष (प्राचीन वस्तू) कायद्याखाली येतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. शिक्षा किमान ६ महिने, कमाल ३ वर्षं कैद. ते भारतातच तपासलं गेलं असेल तर प्रश्न मिटला. पण ‘तक्रार मागे घ्या, नाहीतर हे उघड करतो’ अशी भाषा वापरायची नाही. ती धमकी तुमच्यावरच उलटेल. एका ओळीत तपशील मागा आणि थांबा.

उत्तर मुदतीत द्या. मजकूर साधारण असा : फसवणुकीचा आरोप अमान्य, यूएनसी हे वर्णन आपल्याच निकालाने सिद्ध होतं, आपण अनुभवी असून नाणं तपासून घेतलंत, तरीही सर्व हक्क राखून, तडजोड म्हणून, तेच नाणं त्याच सीलबंद डबीत भारतात परत मिळाल्यास मूळ किंमत परत करायची तयारी आहे. ग्रेडिंगचा खर्च आणि भरपाई देणार नाही. हे जिंकता येण्यासारखं प्रकरण आहे, मग परतावा का, असं तुम्ही विचाराल. एका रुपयासाठी दिवाणी कोर्टात वर्षं घालवायची आणि आईला साक्षीला उभं करायचं, हे मला पटत नाही. त्यांनी नकार दिला तर मात्र लढा.

नाणं परत घेताना डबीवरचा क्रमांक आणि विक्रीच्या वेळचे तुमचे फोटो जुळवून पाहा. तोच डाग, तीच खोच हवी. पैसे बँकेतूनच द्या आणि ‘आता कोणतीही मागणी शिल्लक नाही’ असं सहीनिशी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं एकही संभाषण पुसू नका, फोनही बदलू नका.

पेटीत अजून नाणी असतील आणि ती एकेक करून विकत राहिलात, तर उद्या तुम्हाला विक्रेता म्हणता येईल. मग दर्जाची जबाबदारी वाढते आणि पुरावशेषांच्या व्यापाराला परवाना लागतो, तोही प्रश्न उभा राहतो. तेव्हा आधी सगळी नाणी आईसमोर मांडा आणि कोणती घासलेली आहेत ते तिच्याकडून विचारून घ्या. पुढच्या वेळी वर्णनात तेवढंच लिहा : ‘घरातलं नाणं, पूजेसाठी घासलेलं, जसं आहे तसं.’