मकावला पहिल्यांदा जाताय?

एका दिवसात सगळं मकाव उरकायचा बेत आधी सोडा. बरेच जण हाँगकाँगहून सकाळी येतात, सेंट पॉल चर्चच्या उरलेल्या दर्शनी भिंतीसमोर फोटो काढतात नि बाकी वेळ कॅसिनोत घालवतात. त्यापेक्षा आ-मा मंदिरापासून सेनादो चौकापर्यंत पायी या. २००५ पासून जागतिक वारसा असलेला जुना भाग याच वाटेवर भेटतो. बूट मात्र सवयीचे घाला, चढउतार आहेत.

नवख्यांच्या दोन चुका:

- हाँगकाँगला परतणं म्हणजे नव्याने प्रवेश. तिथली कागदपत्रं निघण्यापूर्वीच तपासा.
- खिशातले पटाका, म्हणजे मकावचं चलन, मकावमध्येच संपवा. हाँगकाँग डॉलर इथे चालतात, उलटं नाही.

आणि मकावच्याच कोलोआन भागातला एग टार्ट गरमच खा, हॉटेलवर बांधून नेऊ नका. बाकीचं परत आल्यावर विचारा.