छत गळतंय, पण पाणी शिरतंय कुठून?

परभणीहून एक वाचक : मृगाच्या पहिल्याच पावसात आतल्या दिव्यातून थेंब पडू लागले. गाडीला सनरूफ आहे. काच नीट बसते. रबर बदलावं का?

लगेच बदलू नका. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवतं, हा समजच चुकीचा आहे. थोडं पाणी काचेच्या कडेनं आत येणारच. ते झेलायला खाली चौकट असते आणि तिच्या कोपऱ्यांतून निघालेल्या नळ्या पुढच्या-मागच्या खांबांतून उतरून पाणी गाडीखाली सोडतात. उन्हाळाभराची धूळ आणि रुळांवरचं ग्रीस यांचा गाळ नळीच्या तोंडाशी बसतो. मग पहिल्या मोठ्या सरीत चौकट भरते आणि पाणी छताच्या आतल्या अस्तरावर सांडतं.

गाडी सपाट जागी उभी करा. सनरूफ उघडून पुढच्या एका कोपऱ्यात साधारण 100 मिली पाणी सावकाश ओता. थोड्याच वेळात त्या बाजूच्या चाकामागे किंवा दाराच्या बिजागरीजवळ पाणी बाहेर पडायला हवं. पाणी तुंबलं, तर गवत कापायच्या यंत्राची 2 मिमी जाडीची नायलॉन दोरी घ्या, तिचं टोक तापवून गोल करा आणि हलक्या हातानं फिरवत आत सरकवा. लोखंडी तारेनं नळीला भोक पडतं. कंप्रेसरचा जोराचा झोत त्याहून वाईट. त्यानं नळी चौकटीपासून निसटते आणि पुन्हा बसवायला अस्तर उतरवावं लागतं.

लातूरहून : जुनी सेडान आहे, सनरूफ नाही. मागच्या सीटवर छत ओलं होतं. छताच्या काळ्या पट्ट्यांवर सिलिकॉन मारून घेतलं, तरी गळती परत सुरू झाली.

पट्टीवरून सिलिकॉन मारणं हा इलाजच नव्हे. त्या पट्टीखाली पन्हळ असते, तिथं छताचा आणि बाजूचा पत्रा एकमेकांना जोडलेला असतो. जोडावरचा सीलर आपल्याकडच्या उन्हात वर्षानुवर्षं तापून कडक होतो आणि तडकतो. पाणी त्या चिरेतून शिरतं, पत्र्याच्या आतल्या बाजूनं उताराकडे धावतं आणि भलतीकडेच टपकतं. म्हणून ओला डाग दिसला तिथंच चीर शोधू नका.

अस्तराची कड सोडवून एकाला टॉर्च घेऊन आत बसवा. दुसऱ्यानं नोझल न लावता पाइपचं पाणी सोडावं. आधी मागच्या काचेची खालची कड, मग बाजू, शेवटी पन्हळ. प्रत्येक ठिकाणी 5 ते 10 मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंपही नको. एरवी न गळणाऱ्या जागीही तो पाणी घुसवतो.

चीर सापडली की पट्टी काढा आणि जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा, त्याचा अंश राहिला तर वर काहीच चिकटत नाही. गंज असेल तर चकचकीत पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपरनं घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि एपॉक्सी प्रायमर मारा. तो वाळला की पीयू (पॉलियुरेथेन) सीम सीलरची, म्हणजे जोड बुजवणाऱ्या लवचिक लेपाची, सलग रेघ ओढून दाबून बसवा. किमान 24 तास पाणी लागू देऊ नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज चढवतं. एपॉक्सी पुट्टी कडक असते, पत्रा हलला की तडकते.

नांदेडहून : छतावर सामानाचं कॅरिअर बसवल्यापासून गळतंय.

स्क्रूसाठी पाडलेली भोकं कोरडीच ठेवली असणार. कॅरिअर उतरवा, भोकाच्या कडेला प्रायमर लावा, रबरी वॉशर घाला आणि बोल्टच्या आट्यांवर व बैठकीखाली पीयू सीलंट लावून कसा. अँटेना काढून बसवली असेल तर तिचं गॅस्केटही बघा.

जालन्याहून : पाऊस नसतानाही डाव्या सीटच्या पायाशी पाणी. छतातून उतरत असेल का?

छताचा दोष नाही. एसी चालवल्यावरच येत असेल तर एसीची निचरा नळी तुंबली आहे. पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, गळतंय. त्याकडे आधी लक्ष द्या. गाडी धुतल्यावरच येत असेल तर वायपरखालची जाळी उघडा. कडुनिंबाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तिथं पाल्याचा थर सापडतो.

कुठूनही आलं असो, गालिचा वरून वाळवून भागत नाही. खालचा फोम पाणी धरून ठेवतो, आणि तिथूनच वायरिंगचे कनेक्टर गंजायला लागतात. सीट काढायची असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून 10 मिनिटं थांबा, मगच सीटखालच्या एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावा. गालिचा उचलून खाली पंखा लावा. फोम दाबल्यावर हात कोरडा राहिला, तरच तो परत बसवा.