शॉकअप बदलण्याआधी मेजरिंग टेप काढा

प्रश्न : माझं वजन ९२ किलो. हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही घेऊन ट्रेलवर जातो. छोट्या उडीलाही मागचं शॉकअप तळाला आपटतं. मेकॅनिकने प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) पूर्ण आवळून दिला, तर आता गाडी खडखडते आणि तरीही आपटते. नवं शॉकअप घेऊ का?

थांबा, आधी मोजू या. प्रीलोड आवळल्याने स्प्रिंग कडक होते, हा समज गॅरेजागॅरेजांत पक्का बसलाय आणि त्यापायी लोकांचे फार पैसे वाया जातात. स्प्रिंगची ताकद आहे तीच राहते, गाडी फक्त उंच उभी राहते.

मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीचा तुकडा लावा. मित्राला गाडी साइड स्टँडवर कलती करायला सांगून मागचं चाक अधांतरी करा आणि ॲक्सलच्या मध्यापासून पट्टीपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. मग बूट, हेल्मेट, पाठीवर पाण्याची बॅग, सगळं चढवून गाडीवर बसा. दोनतीनदा दाबून सोडा, पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सॅग. तो एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाक जेवढं वरखाली सरकू शकतं त्या अंतराच्या, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास हवा. तुमच्या गाडीला मागे १७० मिमी ट्रॅव्हल आहे, म्हणजे ५० ते ५५ मिमी.

प्रीलोड फिरवून तेवढा सॅग आणा, खाली उतरा आणि नुसती गाडी किती बसते तेही मोजा. स्वतःच्या वजनाने ती १० ते २० मिमी बसायला हवी. जागची हलतच नसेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ पडतेय. चाकाला खड्ड्यात उतरायला जागाच उरत नाही, म्हणून ती खडखड. अशा वेळी जास्त कडक स्प्रिंग तेवढी घ्या. ती बसवल्यावर उडीनंतर गाडीचा मागचा भाग तुम्हाला वर फेकू लागला, तर रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला आवरणारं डॅम्पिंग, कमी पडतंय. मग शॉकअप उघडून आतलं डॅम्पिंगचं काम चांगल्या माणसाकडून करून घ्या.

प्रश्न : उतारावर ब्रेक लावला की गाडीचं नाक खाली जातं. फोर्कमध्ये (पुढच्या चाकाच्या दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये) जाड ऑइल भरू का?

मी भरणार नाही. जाड ऑइलने नाक सावकाश बुडेल खरं, पण दगडगोट्यांवर वेगात जाताना तेच ऑइल छोट्या छिद्रांतून वेळेत सरकत नाही आणि प्रत्येक दगड मनगटात वाजतो. ग्रेड कंपनीचाच ठेवा, पातळी वाढवून बघा. ऑइलच्या वरची हवा जेवढी कमी, तेवढा फोर्क शेवटच्या टप्प्यात घट्ट होतो आणि सुरुवातीला मऊच राहतो. पातळी मोजताना स्प्रिंग बाहेर काढलेली आणि फोर्क पूर्ण दाबलेला हवा. एका वेळी फारतर १० मिमी वाढवा, दोन्ही नळ्यांत अगदी सारखी. जास्त भरलंत तर सील फुटेल. आणि हो, दोनतीन पावसाळ्यांत ऑइल बदललंच नसेल, तर आधी फक्त तेवढं करा. राखाडी, कुजका वास येणारं पाणी बाहेर आलं की अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

प्रश्न : पंक्चर काढून पुढचं चाक बसवल्यापासून फोर्क अडकत अडकत दबतो.

दोन नळ्या समांतर राहिलेल्या नाहीत. ॲक्सलचा नट आवळा, पण फोर्कच्या तळाचा क्लॅम्प बोल्ट सैल राहू द्या. गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक धरा आणि हँडल पाचसहा वेळा जोरात दाबा. नळी आपली जागा शोधून घेते. मग क्लॅम्प आवळा. पाच मिनिटांचं काम आहे, पण फरक कळतो.

प्रश्न : फोर्कमधून ऑइल झिरपतंय. सील बदलावं का?

लगेच नको. वरचा डस्ट सील (धूळ अडवणारं रबर) हलकेच वर सरकवा, आतला चिखल पुसा. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मचा पातळ तुकडा ऑइल सीलच्या ओठाखाली घालून गोल फिरवा. बहुतेकदा वाळूचा एखादा कणच निघतो. नळीवरून नखही फिरवून बघा. कुठे अडकलं, तर तो ओरखडा बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्याशिवाय नवा सील टाकू नका, तोही महिन्याभरात गळेल. आणि ब्रेक पॅडवर ऑइल उतरलं असेल, तर पॅड बदलेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.