चेहरा बघितला की आवाज ऐकू येत नाही

"मी समोर रडत होते मॅडम, आणि हा खिडकीबाहेर बघत होता. याला आईचं काहीच वाटत नाही का?"

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या आयांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की त्यातल्या एका मुलाबद्दल लिहायचं ठरवलं. नववीतला मुलगा, तपशील बदललेले. पहिल्या काही भेटींत तो जेमतेम हो-नाही म्हणायचा. एकदा आईला बाहेर बसवून मी सरळ विचारलं, "आई रडते तेव्हा बाहेर का बघतोस?"

"चेहरा बघितला की आवाज ऐकू येत नाही."

मी गप्प राहिले. घाई केली नाही, याचं आजही समाधान वाटतं. बऱ्याच वेळाने तोच म्हणाला, "आई म्हणते, काही झालं नाही. तोंड हसतं, आवाज रडतो. खरं कुठलं ते ठरवेपर्यंत ती स्वयंपाकघरात गेलेली असते."

म्हणजे तो खिडकीकडे वळत होता तो आईचं नीट ऐकता यावं म्हणून!

कानावर 'बा' पडत असताना समोरच्याचे ओठ 'गा' म्हणत असले, तर अनेकांना 'दा' ऐकू येतं. मानसशास्त्रज्ञ मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी हे १९७६ मध्ये दाखवलं. डोळे आणि कान यांची अशी सांगड आपला मेंदू नकळत घालतो. अनेक स्वमग्न मुलांमध्ये ती इतकी आपोआप बसत नाही, वेळ लागतो. गोंगाटात तर फारच. स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. माझा अनुभव अगदी हाच आहे. आईलाही तो कुठे कळला होता?

आईला मी इतकंच सुचवलं: 'माझ्याकडे बघून बोल' हा आग्रह सोडा. बोलताना टीव्ही, मिक्सर बंद ठेवा. वाईट वाटत असेल तर हसू नका, 'मला वाईट वाटतंय' असं शब्दांत सांगा. आणि मग थांबा. आपल्याला अवघडल्यासारखं होईल, त्याहूनही जास्त वेळ थांबा.

दोन आठवड्यांनी आई आली, ती डोळे पुसतच. रात्री दिवा मालवल्यावर तिने त्याला सांगितलं होतं, "आज मला वाईट वाटतंय."

बराच वेळ शांतता. मग अंधारातून उत्तर आलं, "सकाळपासून. चहा करतानाच तुझा आवाज खाली होता."