ओरांगउटान संपत चाललाय, मॉस कसं टिकलं?

प्रश्न: तापानुली ओरांगउटान (झाडांवर राहणारा मोठा वानर) एवढा हुशार, तरी नामशेष व्हायला आलाय, आणि फुटपाथच्या फटीतलं चंदेरी मॉस (शेवाळासारखी बारीक वनस्पती) मात्र जगभर. असं कसं?

उत्तर: हुशारीचा इथे फारसा उपयोग नाही हो. तापानुली ही ओरांगउटानची वेगळी प्रजाती असल्याचं २०१७ साली जाहीर झालं, इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावरच्या बातांग तोरूच्या जंगलात ८०० च्या आतच उरलेत, त्यात मादीला बहुतेक एकच पिल्लू, ते कितीतरी वर्षं आईला चिकटून, पुढचं व्हायला सात-आठ वर्षं सहज जातात, मग दरवर्षी मोजके जरी मेले तरी भरपाई होतच नाही. मॉसचं काय, तुटका शेंडा बुटाला चिकटून गेला तरी दुसरीकडे रुजतो, पार अंटार्क्टिकातही सापडतं! ओरांगउटानला सलग जंगल लागतं, मधून रस्ता गेला की दोन्हीकडचे एकमेकांना भेटणंच अवघड.